पंप कुठे धुता, वन्सं?

दिवाळीनंतर दोन दिवस निफाड तालुक्यात वन्संकडे जाऊन आले. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांची तीन एकर द्राक्षबाग आहे आणि बागेच्या कडेनं ओढा वाहतो. लग्न होऊन आले त्या वर्षी मी याच ओढ्यावर धुणं धुतलं होतं. पाण्यात पाय सोडून बसलं की बारीक मासे येऊन टाचांना लुचायचे आणि मी शहरातली, म्हणून दचकून ओरडायचे. वन्सं हसून लोटपोट व्हायच्या.

यंदा सकाळी सहज गेले. ओढ्याला पाणी होतं, चांगलं वाहत होतं. दगडांवर शेवाळ होतं. पण मासा एक नाही, बेडूक नाही, पाण्यावर पळणारे ते लांब पायांचे किडेसुद्धा नाहीत. थोडं वर भाचा ट्रॅक्टर उभा करून फवारणीचा ब्लोअर धूत होता. टाकीच्या तळातलं पांढरट पाणी धो धो ओढ्यात जात होतं.

घरी येऊन मी भाकरी थापणाऱ्या वन्संना विचारलं, "पंप ओढ्यावरच धुता का हो नेहमी?"

"मग कुठं धुवायचा? पाणी तिथं, रस्ता तिथं," त्या म्हणाल्या. आणि तव्यावरची भाकरी उलटून हळूच पुढं म्हणाल्या, "म्हशीला मात्र दोन वर्षं झाली, तिथं पाजत नाही मी."

म्हणजे वन्संना सगळं कळलेलंच होतं!

जेवताना विषय निघाला तसा भाचा थोडा चिडलाच. "मामी, तुम्ही बाजारात घड घेता तेव्हा एक मणी डागाळलेला चालतो का तुम्हाला?" खोटं कशाला बोलू, नाही चालत. ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी झाली की पुढचे दोन-तीन महिने बागेवर डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. ढगाळ हवा आली, पहाटे दव पडलं की डाऊनी येते, नंतर भुरी. एका आठवड्यात वर्षाचं पीक जातं आणि सोसायटीचं कर्ज मात्र राहतं. तेव्हा शेतकऱ्यानं फवारूच नये असं तुम्ही-आम्ही पंख्याखाली बसून सांगण्यात काही अर्थ नाही. प्रश्न फवारलेलं औषध बागेतच कसं राहील, हा आहे.

आता हे पाणी जातं कुठे बघा. ओढा नदीला मिळतो. कादवा आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ नांदूरमधमेश्वरचा बंधारा आहे. त्याच्या मागे साठलेला गाळ, पाणी आणि पाणवनस्पती यांतून पक्ष्यांचं मोठं आश्रयस्थान तयार झालं. 1986 साली ते अभयारण्य झालं आणि 2019 साली महाराष्ट्रातली पहिली 'रामसर' पाणथळ जागा म्हणून जगाच्या यादीत गेलं. हिवाळ्यात दूरदेशीची बदकं, करकोचे तिथं उतरतात. आणि नेमक्या त्याच महिन्यांत वरच्या अंगाच्या बागांमध्ये फवारणीचा जोर असतो. पक्षी जे खातात ते मासे, शिंपल्या, किडे या पाण्यावरच वाढतात.

औषध पाण्यात पोचण्याच्या वाटा दोन. एक पावसाची. फवारणी झाली आणि चार तासांत सर आली, की पानावरचं औषध धुऊन जातं. काही औषधं पाण्यात विरघळून जातात, तर काही मातीच्या कणांना चिकटून गढूळ पाण्याबरोबर जातात. दुसरी वाट आपल्या हातांची: औषध कालवताना सांडणं, टाकी उतू जाणं, पंप धुणं, रिकामे डबे ओढ्यात फेकणं. ही दुसरी वाट किरकोळ वाटते ना? तसं नाही. दक्षिण स्वीडनमधल्या वेमेनहॉग नावाच्या ओढ्याच्या पाण्याची 1990 पासून तपासणी होत आली आहे. तिथं असं दिसलं, की पाण्यात येणाऱ्या औषधाचा मोठा भाग पंप भरण्या-धुण्याच्या जागेवरून येत होता. शेतकऱ्यांना घरोघर जाऊन समजावलं, धुण्याच्या जागा बदलल्या, आणि पाण्यातलं औषध खूपच घटलं. फवारणी बंद न करता, बरं का!

त्याच देशात 1993 साली एक साधी युक्ती निघाली. खड्ड्यात बारीक केलेला पेंढा, माती आणि कुजकट सेंद्रिय माती यांचं मिश्रण भरायचं, वर गवत लावायचं आणि पंप त्यावर उभा करून भरायचा नि धुवायचा. पेंढा कुजवणारी बुरशी आणि जिवाणू सांडलेलं औषधही हळूहळू मोडून टाकतात. आपण परसात खरकटं मुरवतो, त्यातलाच प्रकार. आपल्याकडे कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट हाताशी असतंच. मात्र खड्डा विहिरीपासून आणि ओढ्यापासून चांगला लांब हवा, आणि खाली पाणी झिरपू नये म्हणून चिकणमातीचा थर हवा.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, की खड्डा राहू दे, आधी धुण्याचं पाणी वाया घालवू नकोस. टाकी थोड्या पाण्यानं तीनदा विसळायची आणि ते पाणी बागेच्याच ओळींवर फवारून टाकायचं. औषधाच्या बाटलीचंही तसंच. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपात घालायचं, मग बाटलीला भोक पाडायचं. आपण तुपाची बरणी निपटून घेतो तसं. औषध काय फुकट येतं? हा हिशेब त्याला चटकन पटला. मासे वाचतील या गोष्टीपेक्षा जास्त पटला, पण असू दे.

पावसाच्या वाटेवर उपाय गवताचा. बाग आणि ओढा यांच्यामध्ये काही मीटर रुंदीचा दाट गवताचा पट्टा राखला की वाहतं पाणी तिथं मंदावतं, गाळ खाली बसतो, पाणी जमिनीत मुरतं. यासाठी उत्तम कोण, तर आपला वाळा! उन्हाळ्यात माठात जुडी टाकतो तोच. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि बांध धरून ठेवतात. वन्संच्या सासूबाईंच्या वेळी ओढ्याकाठी वाळ्याची रांग होतीच म्हणे. ट्रॅक्टर वळवायला जागा हवी म्हणून ती काढली.

एक गोष्ट मला तिथंच कळली. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा पाहून आपण निश्चिंत होतो. पण हा रंग उंदरांसारख्या प्राण्यांवरच्या चाचणीतून ठरतो, माशांवरच्या नव्हे. पायरेथ्रॉइड जातीची औषधं माणसाला त्या मानानं कमी घातक, पण माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना अगदी थोडीसुद्धा जीवघेणी. आणि जुनं ते सगळं सौम्य असंही नाही. मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण कितीतरी वर्षांपासून वापरात आहे. त्यातलं तांबं कधीच नष्ट होत नाही, मातीत साठत राहतं, आणि पाण्यात उतरलं तर माशांना, गोगलगायींना बाधतं.

किडींसाठी (बुरशीसाठी नव्हे) निंबोळी अर्क आहे. हे काम घरातल्या बायका करू शकतात. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं, त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवायचा आणि एकूण शंभर लिटर करायचं. फवारायचं संध्याकाळी, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो.

आता तुम्ही म्हणाल, आमची कुठे आलीय शेती! अहो, झुरळांच्या फवाऱ्यात बहुतेक वेळा हीच पायरेथ्रॉइड जात असते. मोरीच्या जाळीत दर रविवारी भरभरून फवारा मारणारी मी स्वतःच होते. मोरीचं पाणी गटारात, गटाराचं नाल्यात आणि नाल्याचं नदीत. आता रात्री मोरी कोरडी करते, जाळीला घट्ट झाकण बसवलंय आणि सांदीकोपऱ्यात बोरिक पावडर, पीठ आणि साखर यांच्या गोळ्या ठेवते. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मात्र या गोळ्या पोचतील तिथं ठेवू नका. गच्चीतल्या गुलाबावर मारलेलं उरलेलं औषधही मोरीत ओतू नका, कुंड्यांवरच संपवा. आणि गावाकडचं कुणी फवारणीच्या कपड्यांनिशी आलं, तर ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. वेगळे भिजवा, वेगळे धुवा, नि ते पाणी विहिरीच्या किंवा ओढ्याच्या कडेला नको.

परवा वन्संचा फोन आला होता. भाचा आता ब्लोअर बागेतच विसळतो. ओढ्यावरून लांब पाइप घेतलाय, तेवढा खर्च झाला म्हणून थोडी कुरकुर आहे. वाळ्याची रोपं पावसाळ्याच्या तोंडी लावायची ठरलंय, ट्रॅक्टर वळवायची जागा दुसऱ्या टोकाला करून. शेजारच्या बागेचा पंप मात्र अजून ओढ्यावरच धुतला जातो. त्यांच्याशी बांधावरून जुना वाद आहे, त्यामुळे सांगायला कुणी जायचं हा प्रश्नच आहे. वन्सं म्हणाल्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या सूनबाईला बोलावते आणि बोलता बोलता काढते विषय.

"आणि म्हैस?" मी विचारलं.

"म्हैस अजून विहिरीवरच."