वाटेवरच्या झाडांची ओळख

गेल्या माघात आम्ही काही मंडळी टेंभुर्णीहून कंदर, जेऊरमार्गे करमाळ्यास निघालो. 1980 साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचे पाणी या बाजूस दूरवर पसरलेले आहे. वाटेत जागोजाग पिवळी फुले दिसत होती. आम्ही खुशाल म्हणालो, "सगळीकडे तरवडच फुललाय!" खाली उतरून पाहिले, तेव्हा आमची चूक ध्यानात आली.

फुलाचा रंग दुरून फसवतो. म्हणून आधी झाड कोठे उभे आहे ते पाहावे, मग पान, मग चीक आणि शेवटी फूल.

तरवड मुरमाड, कोरड्या माळावर वाढतो. त्याचे पान चिंचेच्या पानासारखे. देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीएवढे गोल उपपान असते. झुडपावर चपट्या शेंगा लोंबतात. नवरात्रात घटाला याच फुलांची माळ घालतात. याची साल कातडी कमावण्याच्या कामी येते.

पडीक रानात दिसला तो पिवळा धोतरा. पाने काटेरी, त्यांवर पांढऱ्या शिरा. पान मोडताच पिवळा चीक येतो. आमच्यापैकी एकाने त्याचे काळे बी तळहातावर घेतले आणि मोहरी म्हणून पुढे केले! ही चूक जिवावर बेतणारी आहे. या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेले, तर ते खाणाऱ्याच्या अंगावर सूज चढते, हृदय दुबळे होते. 1998 साली दिल्लीत अशा भेसळीने कित्येक माणसे दगावली.

पुढे पाण्याच्या कडेला जांभळट गुलाबी, कर्ण्यासारख्या फुलांची उंच झुडपे होती. ही बेशरम. फांदी तोडून चिखलात खोचली तरी जगते, म्हणून हे नाव. मूळची दक्षिण अमेरिकेतली. शेळ्या एरवी तिला टाळतात, परंतु चाऱ्याच्या टंचाईत पाला खातात आणि मग थरथर कापू लागतात.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरते, उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते आणि जनावरे काठाला चरावयास येतात. अशा वेळी तरवड कोणता, धोतरा कोणता आणि बेशरम कोणती, हे गुराख्याच्या पोराला ठाऊक असते. आम्हां शहरवासीयांस मात्र सारेच 'रानटी झुडूप'. पुढच्या प्रवासात गाडी घटकाभर थांबवा, एक पान हाती घ्या आणि त्या पोराला नाव विचारा. तो सांगेल.