तीच गाडी की दुसरी? जुनी मारुती ८०० घरी दुरुस्त करताना



मागच्या वेळी आपण नागसेनाच्या रथापाशी थांबलो होतो. 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथातला तो प्रसंग. राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, रथातून आलेला असतो. भिक्खू नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे नेमकं काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग हे सगळं बाजूला काढल्यावर वेगळं काही उरतं, तो रथ का? तेही नाही. म्हणजे 'रथ' हे या भागांच्या आधाराने चालणारं, व्यवहारातलं एक नाव आहे.

व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण याचा आज उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उभं आहे.

ती १९९६ सालची मारुती ८०० आहे. आमच्या सौ. रत्नागिरीला शाळेत शिकवत, तेव्हा त्यांनी ती घेतली. चौदा पावसाळे तिथल्या खाऱ्या हवेत काढून ती आमच्याबरोबर पुण्याला आली आणि पुढे बरीच वर्षं आच्छादनाखाली पडून राहिली. नात अठरा वर्षांची झाली आणि म्हणाली, "आबा, मी आजीच्याच गाडीवर शिकणार." दोघांनी मिळून घरीच दुरुस्ती करायची ठरली. आम्हाला गाडी होती तशी हवी होती. नातीला रुंद अलॉय चाकं हवी होती, घुमणारा सायलेन्सर हवा होता. वाद तिथेच सुरू झाला.

आता 'होती तशी' म्हणजे कशी? मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. १९८६मध्ये तिचा सगळा बाज बदलला. पुढे कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं. नाव मात्र तेच राहिलं. नागसेन हसला असता, नाही का?

कामाला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी अपघात होता होता वाचलो. मागचं चाक काढायला जॅक लावला. दाराच्या खाली जो लांब पोकळ पत्रा असतो, त्याच्या कडेला तो टेकवतात. दोन-तीन वेळा फिरवल्यावर करकर आवाज आला आणि जॅक पत्र्यात घुसला. गाडी खाली बसली. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. पक्के स्टँड लावायचे, तेही सपाट, टणक जमिनीवर.

पत्रा सडला कसा? लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो. मीठ असेल तर तो झपाट्याने चढतो, कारण खारं पाणी वीज चांगलं वाहून नेतं आणि गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. या पोकळ पत्र्याला पाणी निथळून जायला खाली बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खात जातं. बाहेरून रंग तुकतुकीत! आमच्या गाडीत तर पूर्वी एका गॅरेजने सडका पत्रा न कापता वर जाड पुटी भरून रंग मारला होता. पुटी दिसायला पत्र्यासारखी दिसते, भार मात्र घेत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगला पत्रा टणटण वाजतो, पुटी भरलेली जागा भद्द वाजते.

इथे आमचा पहिला भ्रम फिटला. आम्ही जिला मूळ गाडी समजत होतो, ती काही ठिकाणी मूळ गाडीचं सोंग होती. सडका भाग कापून नवा पत्रा जोडणं हे वरवर पाहता बदल करणं आहे, पण गाडीशी प्रामाणिक तेच आहे. वेल्डरना घरी बोलावलं. आधी बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली, मगच ठिणगी पडू दिली. जोडाला प्रायमर मारला, आतून गंजरोधक मेण फवारलं आणि निथळायची भोकं मोकळी ठेवली.

दुसरं उदाहरण पेट्रोलच्या नळ्यांचं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढून घेतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं, चिरा पाडतं. मूळ जातीचंच रबर हवं असा हट्ट धरला, तर गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकायची भीती. तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घातल्या. हे जतन की बदल? आमचं म्हणणं, इथे वस्तू बदलून तिचं काम जतन केलं.

मग नातीची अलॉय चाकं का नकोत? हा प्रश्न तिनेच विचारला, आणि तो बिनतोड होता. आम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मूळ टायर १४५/७० आर १२. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची, तिसरा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर टायरचा पूर्ण व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर येतो. तिला हवा होता १५५/६५ आर १३, त्याचा येतो सुमारे ५३२. फरक जवळजवळ पावणेपाच टक्के. म्हणजे स्पीडोमीटरचा काटा ६० सांगेल तेव्हा गाडी ६३च्या आसपास धावत असेल. शिवाय मोठं चाक फिरवायला आणि थांबवायला जोर जास्त लागतो. ब्रेक मात्र तेच! नात थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग सीटबेल्ट तरी नवे घाला." तिचं बरोबर होतं. जुन्या पट्ट्यांचे धागे विरले होते आणि आमचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

ब्रेकच्या कामाला मात्र आम्ही हात लावला नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, मग ते कमी तापमानाला उकळतं आणि पेडल ऐन वेळी पोकळ लागतं. सिलिंडरमधली रबरं कडक होतात. हे काम मेकॅनिकने केलं, आम्ही शेजारी बसून पाहिलं. आपल्याला काय येत नाही हे ओळखणं हाही ज्ञानाचाच भाग आहे.

आणि कायदा? गाडीची ओळख कशात, या प्रश्नाला त्याने स्वतःचं उत्तर दिलेलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. इंजिन बदलायचं तर परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी पुढे चालू ठेवावी लागते. मारुतीला वेगळी चासी नसते, सगळी बॉडी हाच सांगाडा. तेव्हा चासी नंबर म्हणजे पत्र्यावर कोरलेले काही अंक. दारं बदला, सीट बदला, कायद्याच्या लेखी गाडी त्या हातभर पत्र्यात आहे. त्याला चुकूनही धक्का लावू नका.

ग्रीक इतिहासकार प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जपलं, कुजलेली एकेक फळी बदलत. मग जहाज तेच का? पुढे हॉब्जने पेच वाढवला: काढलेल्या सगळ्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? आमच्या गॅलरीत जुन्या भागांचं एक पोतं आहे. भंगारवाले रोज विचारतात. दिलं तर त्यातला कार्बोरेटर उद्या कुणाच्या तरी गाडीत धडधडू लागेल. हॉब्जचा पेच आपल्याकडच्या जुन्या बाजारात रोज घडतो आणि कुणाची झोप उडत नाही.

तर आमचा निष्कर्ष काय? भाग मूळचा आहे का, हा प्रश्न दुय्यम. आधी दोन गोष्टी विचारायच्या. हा भाग निकामी झाला तर कुणाच्या जिवावर बेतेल? आणि केलेला बदल उद्या परत फिरवता येईल का? जीव गुंतलेला असेल तिथे मूळपणाचा मोह सोडायचा. जीव गुंतलेला नसेल तिथे परत फिरवता येणार नाही असं काही करायचं नाही. आणि केलेलं सगळं वहीत लिहायचं: काय काढलं, काय घातलं, कधी आणि का. पुढे गाडी ज्याच्या हातात जाईल, त्याला पुटीखाली काय आहे हे कळलं पाहिजे.

एक सांगायचं राहिलं. इतके दिवस मूळ काय आणि बदल काय यावर आमचं नि नातीचं भांडण चाललं होतं. एका संध्याकाळी सौ. चहा घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आरसी माझ्या नावावर आहे. मला विचारलंत का कुणी?" खरंच विचारलं नव्हतं. त्यांना काय हवं होतं? मूळ रंग नको होता. त्यांना तो कधीच आवडला नव्हता, तेव्हा दुकानात दुसरा मिळाला नाही म्हणून घेतला होता. आम्ही मात्र तो जिवापाड जपणार होतो, त्यांची आठवण म्हणून!

गाडी आता निळी आहे. आरसीत नोंद करून घेतली आहे. नात शिकते आहे, आजी शेजारी बसते.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी मालकी म्हणजे काय, या प्रश्नाकडे वळू.