कमी बजेटचा गेमिंग पीसी: पैसे कुठे घालायचे?

'दादा, बजेट कमी आहे, सोलापुरात गेमिंग पीसी होईल का?' होईल की! सुरुवातीला वेगळं ग्राफिक्स कार्ड घेऊच नका. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे. सेटिंग कमी ठेवली की व्हॅलोरंट, जीटीए ५ चालतात. पण हे ग्राफिक्स रॅमच वापरतं. म्हणून १६ जीबीची एक पट्टी नको, ८-८ च्या दोन घ्या. डेटाला दोन वाटा मिळतात, फ्रेम वाढतात.

रंगीत लाइटला भुलू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, त्यामुळे हवा खेळती राहील असा कॅबिनेट बघा. एसएमपीएस मात्र चांगल्या कंपनीचाच, बिल-वॉरंटीसकट. स्वस्तातला जळाला तर मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो. पैसे साठले की त्याच बोर्डावर कार्ड बसवा. भेटू पुढच्या भागात!