रायफलचा नेम आणि शरीराची बैठक

दिनांक १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकमध्ये, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे यांनी पन्नास मीटर रायफल स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींमध्ये गोळ्या झाडण्याच्या या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक होय. त्यापूर्वी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्यूनिक येथे पालथ्या स्थितीतील रायफल नेमबाजीत विश्वविजेत्या ठरल्या होत्या. नेमबाजी म्हणजे तीक्ष्ण नजर, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नजरेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व शरीराच्या बैठकीला आहे.

याचे कारण धक्क्यात आहे. या रायफलीची गोळी अडीच ग्रॅमहून थोडी जड असते व सेकंदाला सुमारे सव्वातीनशे मीटर वेगाने जाते. गोळी पुढे सुटताना रायफल मागे रेटली जाते, आणि ही क्रिया गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच सुरू झालेली असते. सेकंदाच्या काही सहस्रांश भागात सहा किलोग्रॅमची रायफल जेमतेम पाव मिलिमीटर मागे येते. हे अंतर नगण्य वाटेल. परंतु धक्क्याची रेषा नळीतून जाते व खांद्याचा आधार तिच्या किंचित खाली असतो, त्यामुळे नळीचे टोक वर उचलले जाऊ लागते. ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने हलले, तरी पन्नास मीटरवर गोळी चार-पाच मिलिमीटर सरकते. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर आहे!

धक्का थोपविता येत नाही. तो प्रत्येक वेळी सारखाच झेलला गेला, तर गोळ्या एकाच ठिकाणी जातात आणि ते ठिकाण चुकीचे असल्यास दृष्टियंत्र फिरवून दुरुस्त करता येते. आज दस्ता खांद्याच्या खळगीत व उद्या दंडावर, अशी स्थिती असल्यास मात्र कोणतीही दुरुस्ती उपयोगी पडत नाही. ‘घट्ट धर’ हा नवशिक्यांना हमखास दिला जाणारा सल्ला म्हणूनच अर्धाच खरा आहे. दस्ता खांद्याला पक्का टेकलेला हवा. पण रायफलचा भार हाडांनी पेलावयाचा असतो, स्नायूंनी नव्हे. ताणलेला स्नायू थकतो व थरथरतो.

पालथ्या स्थितीत हे उत्तम समजते. उजव्या हाताच्या नेमबाजाने शरीर रायफलच्या रेषेशी थोडे तिरपे ठेवावे, डावे कोपर जवळजवळ रायफलच्या खाली आणावे व उजवा गुडघा किंचित वर ओढून घ्यावा, म्हणजे पोटावर दाब येत नाही आणि श्वास मोकळा राहतो. दंडाला बांधलेला पट्टा रायफलचा भार घेतो. गुडघा टेकल्यावर डाव्या कोपराचे टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नये. हाडावर हाड घसरते. उभ्याने पट्टा वापरण्यास मनाई असल्याने कोपर बरगड्यांना वा कमरेला टेकवून, पाठ किंचित मागे झुकवून तोल साधावा लागतो. हीच स्थिती सर्वांत कठीण.

बैठक योग्य आहे किंवा नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. नेम धरून डोळे मिटावेत, एक-दोन श्वास घ्यावेत व डोळे उघडावेत. नेम बाजूला सरकलेला दिसल्यास हाताने रायफल ओढू नये. पाय, कोपर अथवा कंबर हलवून सगळे शरीरच फिरवावे. ओढून आणलेली रायफल धक्का बसताच आपल्या मूळ जागेकडे धावते.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिक्षकांना दुसरी एक अडचण परिचित असेल. छात्र घोडा दाबण्याच्या क्षणी दचकतो, डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो. ही भीती आवाजाची व धक्क्याची असते. ती रागावून जात नाही. यावर उपाय म्हणजे काडतुसाविना सराव. नळी व काडतुसाची जागा रिकामी असल्याची खात्री शिक्षकाने स्वतः करावी, काडतुसे त्या खोलीत ठेवूच नयेत, आणि मग छात्राने अर्धा श्वास सोडून घोडा हळूहळू दाबावा. घोडा सुटल्यानंतरही दोन सेकंद नेमावरून नजर काढू नये. या सरावाला मैदान लागत नाही, काडतुसांचा खर्चही नाही. दर चार-पाच वेळांनंतर एखादे खरे काडतूस देण्याची वेळ आली, म्हणजे मात्र छात्राला पुन्हा अधिकृत मैदानावरच न्यावे.