अंबू बॅग : मुठीतला श्वास

अंबू बॅग म्हणजे दाबून सोडली की आपोआप पुन्हा फुगणारी रबराची किंवा सिलिकॉनची पिशवी. तिच्या मागच्या टोकाला हवा आत घेणारी झडप असते आणि पुढच्या टोकाला रुग्णाकडे हवा सोडणारी. त्यापुढे नाक-तोंड झाकणारा मास्क बसतो. श्वास थांबलेल्या किंवा अपुऱ्या पडलेल्या माणसाच्या फुप्फुसांत हाताने हवा भरणे, एवढेच तिचे काम. तिला वीज लागत नाही आणि प्राणवायूचे सिलिंडर नसले तरी ती अडत नाही. रुग्णवाहिकेतला तंत्रज्ञ, प्रसूतिकक्षातली परिचारिका आणि भूलतज्ज्ञ या तिघांच्याही हाताशी ती असावी लागते. आणीबाणीच्या वैद्यकात इतके साधे आणि इतके अपरिहार्य साधन दुसरे क्वचितच सापडेल.

या पिशवीची पार्श्वभूमी डेन्मार्कमधील पोलिओच्या साथीत आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. छातीभोवतीचा दाब कमी-जास्त करून श्वास चालवणारी तेव्हाची यंत्रे मोजकीच होती आणि त्यांचा उपयोगही फारसा होत नव्हता. पहिल्या काही आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहातली पद्धत वॉर्डात आणली. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालायची आणि तिला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबत राहायची. पिशव्या दाबण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांतले सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले आणि आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथेच झाली.

त्या पिशवीत मात्र एक उणीव होती. ती लुळी असे. सिलिंडरमधून वायू सतत येत राहिला तरच ती फुगे, म्हणून सिलिंडर संपले की उपचारही थांबत. कोपनहेगनमधलेच भूलतज्ज्ञ हेनिंग रूबेन यांनी रुग्णाने सोडलेली हवा पुन्हा त्याच्याच छातीत जाऊ न देणारी झडप आधीच तयार केली होती. पुढे ट्रकचालकांच्या संपामुळे रुग्णालयांना होणारा प्राणवायूचा पुरवठा धोक्यात आला, तेव्हा भोवतालच्या हवेनेच भरणारी पिशवी त्यांना हवीशी वाटू लागली. पहिला नमुना त्यांनी सायकलच्या चाकातल्या तारा वापरून केला. तारांच्या लवचीकपणामुळे दाबलेली पिशवी पुन्हा आकार धरत असे. नंतर तारांची जागा स्पंजासारख्या रबराने घेतली. होल्गर हेस्से या अभियंत्याच्या कंपनीने १९५६ मध्ये ही पिशवी बाजारात आणली आणि अंबू हे नाव जगभर पोचले. आता कोणत्याही कंपनीच्या अशा पिशवीला महाराष्ट्रातल्या वॉर्डांतही ‘अंबू’च म्हणतात.

पिशवी दाबली की मागची झडप बंद होते, पुढची उघडते आणि हवा मास्कमधून रुग्णाकडे जाते. हात सैल केला की पुढची झडप मिटते. रुग्णाचा उच्छ्वास बाजूच्या वाटेने बाहेर पडतो आणि त्याच वेळी पिशवी मागून ताजी हवा ओढून घेते. या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. मागे प्राणवायूची नळी जोडली तर प्रमाण वाढते, आणि साठवणीची जादा पिशवी जोडली तर ते शंभर टक्क्यांच्या जवळ जाते. प्रौढांची पिशवी साधारण दीड लिटरची असते, तर नवजातांची पाव लिटरच्या आसपास. लहान पिशव्यांना जादा दाब सोडून देणारी झडप असते. ती पाण्याच्या ३५ ते ४० सेंटिमीटर उंचीइतक्या दाबाला उघडते, म्हणजे घाईत जोरात दाबले गेले तरी कोवळी फुप्फुसे फाटत नाहीत.

या साधनाचे मोल सर्वात जास्त कळते ते बाळाच्या जन्माच्या वेळी. दहापैकी सुमारे एका बाळाला पहिला श्वास घेताना काहीतरी मदत लागते. बहुतेकांचे काम कोरडे पुसण्याने आणि पाठ चोळण्याने भागते, थोड्यांना पिशवी लागते आणि त्यापुढचे उपचार अगदी मोजक्यांना. श्वास न घेणाऱ्या बाळाचे हृदय बहुधा निरोगी असते. हवा न मिळाल्यामुळे ते मंदावलेले असते. म्हणून औषध शोधण्याआधी छातीत हवा भरायची, आणि तीही पहिल्या मिनिटाच्या आत. वेग मिनिटाला ४० ते ६० श्वासांचा. तीन किलोच्या बाळाला एका श्वासात साधारण १५ ते २० मिलिलिटर हवा पुरते, म्हणून पिशवी मुठीने नव्हे, बोटांनी दाबायची. छाती हलकेच वर उठते का ते पाहायचे. ठोके वाढले की उपचार लागू पडला.

नवजाताला शुद्ध प्राणवायूच द्यावा, असा दंडक बराच काळ होता. त्याला धक्का देणाऱ्या संशोधनात दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे ओला सॉगस्टाड यांचा वाटा मोठा आहे. रामजी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये साधी हवा आणि शुद्ध प्राणवायू यांची तुलना प्रसिद्ध केली. १९९८ मध्ये अनेक देशांतला मोठा अभ्यास आला. साधी हवा कमी पडत नाही, हे त्यांतून दिसले. २०१० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पूर्ण दिवसांच्या बाळासाठी साध्या हवेनेच सुरुवात करायला सांगितले. सिलिंडर नसलेल्या उपकेंद्राच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा होता.

गडचिरोलीत तर हे काम दवाखान्याच्याही बाहेर गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरी होणाऱ्या बाळंतपणांसाठी आरोग्यदूत तयार केल्या. आधी दाई तोंडाने श्वास देत असे. १९९६ पासून आरोग्यदूत नळी-मास्क वापरू लागल्या आणि १९९९ पासून पिशवी-मास्क. गुदमरून होणारे नवजात मृत्यू या काळात सुमारे ६५ टक्क्यांनी घटले आणि दोन साधनांत पिशवी सरस ठरली. गावातल्या थोड्या शिकलेल्या बाईला हे जमणार नाही, असे मानणाऱ्यांना या आकड्यानेच उत्तर मिळाले.

रुग्णवाहिकेत अडचणी वेगळ्या येतात. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला नाही तर हवा गालाजवळून निसटते. अंगठा आणि तर्जनीने मास्क दाबून धरायचा, उरलेल्या तीन बोटांनी जबडा वर उचलायचा आणि दुसऱ्या हाताने पिशवी दाबायची, ही पकड धावत्या गाडीत एकट्याला कठीण जाते. म्हणून एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा आणि दुसऱ्याने पिशवी दाबावी, हे उत्तम. दुसरी चूक घाईची. जोरात दाबल्यास हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरू शकते. हृदय थांबलेल्या प्रौढाला नळी घातल्यावर मिनिटाला दहाच्या आसपास श्वास पुरतात, पण अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रशिक्षित पथके सरासरी ३० देत असल्याचे आढळले. छातीतला दाब सतत वाढलेला राहिला की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. जास्त हवा म्हणजे जास्त उपचार, हा समज म्हणूनच घातक आहे.

भारतातल्या सार्वजनिक रुग्णालयांत व्हेंटिलेटर अपुरे पडतात तेव्हा रुग्णाचे नातेवाईक तासन्‌तास अंबू दाबत बसलेले दिसतात. रात्री डोळा लागला की लय तुटते. ही पिशवी वाटेतल्या काही मिनिटांसाठी आहे, ती यंत्राचा पर्याय नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये २०१० साली विद्यार्थ्यांनी पिशवी दाबणारे यंत्र केले होते आणि करोनाच्या काळात, २०२० मध्ये, ती कल्पना पुन्हा हाती घेतली गेली. परंतु भाराने खचलेल्या वॉर्डाला खरी गरज पुरेशा व्हेंटिलेटरची आणि ते चालवणाऱ्या माणसांची आहे.

पिशवीची देखभाल सोपी असली तरी टाळता येत नाही. पुन्हा वापरायच्या सिलिकॉनच्या पिशव्या सुट्या करून धुवाव्या आणि निर्जंतुक कराव्या लागतात. परत जोडताना एखादी झडप उलटी बसली तर पिशवी कामाची राहत नाही. तपासणीला अर्धे मिनिट पुरते. पुढचे तोंड तळहाताने बंद करून पिशवी दाबावी. दाब जाणवला, लहान पिशवीची सुरक्षा-झडप सुटल्याचा आवाज आला आणि सोडताच पिशवी लगेच फुगली, तर ती ठीक आहे. ही तपासणी प्रत्येक बाळंतपणाआधी आणि रुग्णवाहिकेच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला करावी, आणि योग्य मापाचा मास्क पिशवीशेजारीच ठेवावा.