पायांनी उडवायचे विमान : घरगुती फ्लाइट सिम्युलेटरमधील रडर पेडल

विमानाचे नाक वर-खाली करणे आणि पंख डावीकडे-उजवीकडे कलवणे ही दोन कामे वैमानिकाच्या हातातील दांडा किंवा चाक करते. नाक आडवे फिरवण्याचे तिसरे काम शेपटीवरील उभ्या झडपेकडे, म्हणजे रडरकडे असते, आणि ही झडप पायाखालच्या पेडलच्या जोडीने हलवली जाते. घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्या हौशी मंडळींनी या तिसऱ्या कामाकडे अनेक वर्षे दुर्लक्ष केले. त्यामुळे पेडलचा संच विकत आणून जोडल्यानंतर ज्या तक्रारी सुरू होतात, त्यांतील बऱ्याचशा तक्रारींचे मूळ यंत्रातील बिघाडात सापडत नाही. रडर मुळात कशासाठी असते हे ठाऊक नसण्यात ते सापडते.

राइट बंधूंना हा प्रश्न १९०२ साली किटी हॉक येथील ग्लायडरच्या उड्डाणांत भेटला. पंखांना पीळ देऊन विमान एका बाजूला कलवले की वर उचलला जाणारा पंख अधिक उद्धरण निर्माण करतो आणि त्या वाढीव उद्धरणाबरोबर हवेचा रोधही अधिक ओढून घेतो. परिणामी विमान डावीकडे कलत असताना त्याचे नाक मात्र उजवीकडे सरकते. या उलट्या वळणाला आवर घालण्यासाठी त्यांनी शेपटीवरची स्थिर उभी पाती हलती केली आणि तिच्या तारा पंखांच्या पिळाशीच जोडून टाकल्या, म्हणजे कलणे आणि नाक सावरणे एकाच हालचालीत होऊ लागले. ही जोडणी प्रत्येक प्रसंगी पुरत नाही असे लक्षात आल्यावर १९०५ च्या विमानात त्यांनी रडर स्वतंत्र केले. हाताने चालणारा उभा दांडा आणि पायांनी चालणारी रडरची आडवी पट्टी ही मांडणी पुढे फ्रान्समध्ये रुळली. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओने ज्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, त्यात ती होती.

जमिनीवर बसून पायांचा हा सराव करून घेण्याची पहिली मोठी यशस्वी सोय एडविन लिंक याने केली. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे त्याच्या वडिलांचा वाद्यांचा कारखाना होता आणि १९२९ च्या सुमारास त्याने तयार केलेला ‘लिंक ट्रेनर’ वाद्यांच्याच तंत्रावर, पेटीच्या भात्यासारख्या हवेच्या भात्यांवर, डोलत असे. पेडल दाबले की हवेच्या झडपा उघडमिट होऊन छोटी लाकडी खोली आपल्या आसाभोवती फिरू लागे. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने १९३४ मध्ये सहा ट्रेनर विकत घेतले आणि दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर घडल्या.

घरगुती संगणकाच्या वाट्याला हे पेडल उशिरा आले. ब्रूस आर्टविकने ॲपल-२ साठी लिहिलेल्या आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएमच्या संगणकावर आलेल्या सिम्युलेटरमध्ये कळफलक हेच मुख्य साधन होते, त्यामुळे एलेरॉन, म्हणजे पंखांच्या टोकांकडील झडपा, हलल्या की रडर आपोआप सोबत हलेल अशी सोय त्यात ठेवलेली होती. ही सोय म्हणजे राइट बंधूंची १९०२ ची जोडणीच होय. फ्रेड वाइक या अभियंत्याने आखलेल्या ‘एरकूप’ या छोट्या अमेरिकी विमानातही ती होती, आणि त्या विमानाच्या मूळ रूपात पेडलच नव्हते. स्वयंचलित रडरची हीच सोय आजच्या सिम्युलेटरांत ‘साहाय्य’ या सदराखाली टिकून आहे. पेडल नवे असूनही विमान पायांना जुमानत नसेल, किंवा पाय स्थिर असताना रडर आपल्याच मनाने हलत असेल, तर ही सोय चालू राहिली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

पेडलच्या संचाची रचना मात्र फारशी गूढ नाही. एक पेडल पुढे गेले की दुसरे मागे येते आणि उजवे पेडल दाबल्यास नाक उजवीकडे वळते. ही सरकण्याची हालचाल हा पहिला अक्ष. प्रत्येक पेडलचा वरचा भाग चवड्याने स्वतंत्रपणे पुढे झुकवता येतो आणि त्यातून त्या-त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. हे आणखी दोन अक्ष. काही संचांत ब्रेकचे हे दोन अक्ष नसतातच, आणि लढाऊ विमानांचे काही शौकीन तसे संच मुद्दाम निवडतात. हालचाल मोजण्यासाठी स्वस्त संचांत पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारा धातूचा स्पर्शक, जो जागेनुसार कमी-अधिक व्होल्टेज देतो. महागड्या संचांत बहुधा हॉल सेन्सर असतो. एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामाच्या आधारे तो चुंबकाची जागा स्पर्शाविना ओळखतो, त्यामुळे त्यात झिजण्यासारखे काही उरत नाही. दोन्ही प्रकारांत शेवटी यूएसबीच्या तारेतून संगणकाला मिळतो तो एक आकडा. दहा बिटांच्या मोजणीत पूर्ण हालचालीचे १०२४ टप्पे पडतात, बारा बिटांच्या मोजणीत ४०९६. पायाने किती जोर लावला हे त्या आकड्यात कुठेच नसते, आणि पेडलच्या मांडणीतील अर्धीअधिक अडचण याच उणिवेतून येते.

मांडणीचा आरंभ सॉफ्टवेअरपासून करण्याची सवय चुकीची आहे. तो खुर्चीपासून करावा. चाकांच्या खुर्चीवर बसून पेडल दाबले की खुर्ची मागे सरकते किंवा गुळगुळीत फरशीवर संचच पुढे पळतो, आणि मग पायाने दिलेला हुकूम अर्धवट पोहोचतो. चाके अडवणे, संचाखाली रबरी चटई घालणे किंवा खुर्ची व पेडल एकाच लाकडी फळीला जखडणे, यांपैकी काहीतरी करावेच लागते. बसण्याचे अंतर असे असावे की एक पेडल पूर्ण पुढे गेले तरी गुडघ्यात थोडा बाक उरेल. टाचा खाली टेकलेल्या असाव्यात व चवडे पेडलच्या खालच्या भागावर असावेत, कारण पाऊल वर चढले की नकळत ब्रेक दाबला जातो. पुढे बारामती किंवा गोंदिया येथील प्रशिक्षण संस्थेत खऱ्या विमानात बसू इच्छिणाऱ्याने तर ही सवय घरीच लावून घ्यावी, कारण ब्रेकवर पाय ठेवून धावपट्टीवर उतरण्याची किंमत तेथे टायरला मोजावी लागते.

त्यानंतर तपासाचा क्रम येतो आणि तो पाळण्यात बराच वेळ वाचतो. सिम्युलेटर बंद ठेवून विंडोजमधील गेम कंट्रोलर्सची खिडकी उघडावी, प्रत्येक अक्ष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्यावा आणि आकड्याची पट्टी सलग सरकते की उड्या मारते हे पाहावे. येथेच दोष दिसला तर तो यंत्रात, तारेत किंवा कॅलिब्रेशनमध्ये आहे. कॅलिब्रेशन म्हणजे पेडलची दोन टोके आणि मध्य कोणत्या आकड्यांवर पडतात हे संगणकाला शिकवणे. येथे सारे सुरळीत असेल आणि विमानातच गडबड दिसत असेल, तर संच उघडून पाहण्याचा मोह टाळावा.

सिम्युलेटरमधील गडबडींत दुहेरी जोडणी सर्वाधिक छळते. बहुतेकांकडे पेडलच्या आधीपासून पिळता येणारी जॉयस्टिक असते आणि तिचा पीळ सिम्युलेटरने रडरला आधीच जोडून ठेवलेला असतो. पेडल आल्यावर एकाच रडरला दोन मालक होतात व जॉयस्टिकच्या किंचित थरथरीनेही रडर पायाच्या विरुद्ध खेचले जाते. जॉयस्टिकच्या पिळाची जोडणी पुसून टाकली की प्रश्न मिटतो. ‘डीसीएस’ या लढाऊ सिम्युलेटरमध्ये याचे वेगळेच रूप दिसते. तेथे प्रत्येक नव्या साधनाचे पहिले दोन अक्ष कलणे व नाक वर-खाली करणे यांना आपोआप जोडले जातात, आणि पुष्कळ पेडल संचांत हे पहिले दोन अक्ष म्हणजे ब्रेक असतात. त्यामुळे चवडा दाबताच विमान कलते किंवा नाक खाली घालते, आणि वापरणारा भलतीकडेच शोध घेत बसतो.

ब्रेकचे अक्ष उलटे असणे हा दुसरा प्रकार होय. काही संच पाय मोकळा असताना कमाल आकडा पाठवतात, आणि सिम्युलेटर त्याचा अर्थ पूर्ण दाबलेला ब्रेक असा लावतो; इंजिन पूर्ण शक्तीने गरजत असूनही विमान जागचे हलत नाही आणि पेडल दाबले की सुटते. जोडणीच्या पानावर तो अक्ष उलटवण्याची खूण केली की भागते. विमान जड पावलांनी चालत असेल व एका बाजूला ओढत असेल, तर एका ब्रेकचा आकडा पाय मोकळा असतानाही शून्यावर परत येत नसल्याची शक्यता मोठी असते. कॅलिब्रेशन करताना तो अक्ष शेवटपर्यंत न दाबल्याचा हा परिणाम असू शकतो. एक्स-प्लेनसारख्या सिम्युलेटरमध्ये आकड्यांच्या पट्ट्या जिवंत दिसत असल्याने हा दोष चटकन ओळखता येतो.

पट्टी मध्येच उडी मारत असेल तर पोटेन्शिओमीटरच्या कार्बनपट्टीवर धूळ बसलेली असते किंवा पट्टी झिजलेली असते. पायांजवळ, जमिनीलगत राहणाऱ्या यंत्रात धूळ जाणारच. संपर्क स्वच्छ करणारा फवारा मारून अक्ष अनेकदा पुढे-मागे फिरवल्यास बरेचदा सुधारणा होते, झिजलेल्या पट्टीला मात्र नवा सुटा भाग लागतो. संच मधूनच नाहीसा होत असल्यास संशय यूएसबीवर घ्यावा : वीज वाचवण्यासाठी विंडोज स्वस्थ साधनाचा पुरवठा तोडते, ती परवानगी डिव्हाइस मॅनेजरमध्ये काढून घ्यावी आणि स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबमध्ये पेडल लावणे टाळावे.

डेड झोन, म्हणजे मध्याजवळील असा पट्टा की ज्यात पेडल हलले तरी रडर हलत नाही, हा मात्र औषध म्हणून सर्रास वापरला जातो, आणि ते योग्य नाही. मध्य किंचित अस्थिर असेल तर अगदी अरुंद पट्टा ठेवणे रास्त आहे. रुंद पट्टा दोष झाकतो आणि उतरताना लागणाऱ्या बारीक दुरुस्त्याही गिळून टाकतो. संवेदनशीलतेच्या वक्राचे, म्हणजे मध्याजवळ प्रतिसाद मंद आणि टोकांकडे तीव्र करण्याच्या सोयीचे, समर्थन अधिक करता येते. खऱ्या छोट्या विमानात वेग वाढतो तसा रडरवरील हवेचा दाब पायाला जाणवतो व पेडल जड होत जाते. घरच्या संचातील स्प्रिंग धावपट्टीवर आणि आकाशात सारखीच असते, त्यामुळे वेगात असताना पाय नकळत जास्त जातो. पेडलची ही नाजूक बाब खऱ्या उड्डाणातही जिवावर बेतली आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या ५८७ क्रमांकाच्या एअरबस ए-३०० विमानात सहवैमानिकाने पुढच्या विमानाच्या भोवऱ्यात सापडल्यावर पेडल आलटून-पालटून जोराने दाबले, उभी शेपटी तुटली आणि २६५ जण मृत्युमुखी पडले. या विमानात २५० नॉटच्या वेगाला पेडल जेमतेम सव्वा इंच सरकताच रडर आपल्या मर्यादेला पोहोचत असे. अमेरिकी चौकशी मंडळाने मुख्य ठपका सहवैमानिकाच्या अनावश्यक व अतिरेकी हालचालींवर ठेवला, परंतु रडर यंत्रणेची ही रचना आणि कंपनीच्या प्रशिक्षणाचे काही भाग यांनाही साहाय्यक कारण ठरवले.

उरतात त्या तक्रारी, ज्यांना बिघाड म्हणताच येत नाही. सेसना १७२ पूर्ण शक्तीवर धावू लागताच डावीकडे ओढते, कारण वैमानिकाच्या जागेवरून पाहता उजवीकडे फिरणाऱ्या पंख्याने मागे फेकलेली हवा सर्पिल होऊन शेपटीच्या डाव्या अंगावर आदळते, इंजिनाच्या प्रतिक्रियेने डावे चाक अधिक दाबले जाते आणि नाक उचलल्यावर पंख्याचे खाली येणारे उजवे पाते जास्त ओढ देते. उजवे पेडल सतत दाबून ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे. हे ओढणे डेड झोन किंवा वक्र बदलून घालवू पाहणारा माणूस सिम्युलेटरची एक चांगली बाजूच पुसत असतो. टायगर मॉथचा पंखा उलट दिशेने फिरतो, म्हणून ते उजवीकडे ओढते. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाच्या आवृत्त्यांना उजवे पेडल लागते, तर ग्रिफन इंजिनाच्या आवृत्त्यांना डावे. जमिनीवरचे वळणही असेच फसवते : सेसना १७२ चे पुढचे चाक पेडलने सुमारे १० अंशच वळते आणि त्या बाजूचा ब्रेक लावल्यास ३० अंशांपर्यंत जाते, तर एअरबस ए-३२० मध्ये पेडलने फक्त ६ अंश मिळतात व अरुंद वळणासाठी हाताजवळचे ‘टिलर’ हे वेगळे चाक वापरावे लागते. टिलरसाठी सिम्युलेटरमध्ये जॉयस्टिकचा मोकळा झालेला पीळ जोडता येतो, आणि पेडल आल्यावर निरुपयोगी ठरलेल्या त्या अक्षाला पुन्हा काम मिळते.

सारे जुळले की नाही याची कसोटी हवेत, विमानाचे आडवे घसरणे दाखवणाऱ्या काचेच्या वाकड्या नळीतील गोळीवर घ्यावी. मध्यम वेगाला विमान डावीकडे-उजवीकडे आलटून-पालटून कलवावे आणि पाय न लावता गोळी किती घरंगळते ते पाहावे. मग गोळी ज्या बाजूला जाते त्या बाजूचे पेडल हलके दाबून ती मध्यावर आणावी. एका बाजूच्या वळणात पाय सहज पुरतो आणि दुसऱ्या बाजूला तो सारखा कमी पडतो असे आढळल्यास पुन्हा विंडोजच्या त्याच खिडकीकडे जाऊन मध्याचा आकडा तपासावा, कारण कॅलिब्रेशनमध्ये मध्य किंचित एका अंगाला बसलेला असतो.