सिलिअ‍ॅक आजारावरील औषधचाचण्या आणि प्लासिबो गटाचा प्रश्न

प्रस्तावना

गव्हातील ग्लुटेन जठरातच पचवून निरुपद्रवी करणाऱ्या लॅटिग्लुटेनेज या विकराची एक मोठी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत ४९४ रुग्ण होते. विकर घेणारे रुग्ण आणि केवळ प्लासिबो, म्हणजे औषधासारखे दिसणारे पण औषधी गुण नसलेले द्रव्य घेणारे रुग्ण, यांच्यात चाचणीअखेर फरक आढळला नाही. २०२२ साली त्याच विकराची आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. ती पूर्ण करणारे रुग्ण अवघे ४३ होते. विकराचा परिणाम मात्र स्पष्ट दिसला. औषध तेच, आजारही तोच. मग निष्कर्ष परस्परविरोधी का? या प्रश्नाचे उत्तर विकराच्या गुणधर्मांपेक्षा चाचणीच्या रचनेत अधिक सापडते. सिलिअ‍ॅक आजाराच्या बाबतीत ही रचना विशेष अवघड का ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आजाराचे स्वरूप

सिलिअ‍ॅक ही गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, बार्ली व राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनसमूहाला शरीराची प्रतिकारयंत्रणा देत असलेला तो चुकीचा प्रतिसाद आहे आणि त्यात स्वतःच्याच ऊतींची हानी होते. एच.एल.ए.-डी.क्यू.२ किंवा डी.क्यू.८ हा आनुवंशिक घटक जवळजवळ सर्व रुग्णांत आढळतो. तथापि तो असणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना हा आजार कधीच होत नाही. ग्लुटेनचे पचन मुळातच अपुरे होते. ३३ अमिनो आम्लांचा त्याचा एक तुकडा जठर व आतड्यातील विकरांना दाद देत नाही, असे २००२ साली दाखविण्यात आले. असे तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरल्यावर ऊतीतील ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर त्यांच्यात रासायनिक बदल घडविते. त्यामुळे ते प्रतिकारपेशींना अधिकच चिथावणी देतात. परिणामी लहान आतड्याच्या आतील बाजूस असणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे, ज्यांना व्हिलाय म्हणतात, ते झिजून सपाट होतात आणि अन्नरसाचे शोषण घटते. आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य करणे हाच या आजारावरील मान्य उपचार आहे.

आहारोपचाराचा शोध

हा उपचार सिद्ध झाला तो डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांच्या निरीक्षणांतून. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला आणि सिलिअ‍ॅकची मुले सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली, ही हकीकत नेहमी सांगितली जाते. ती खोटी नाही. परंतु डिके यांना गव्हाचा संशय युद्धापूर्वीच, १९३०च्या दशकात आलेला होता आणि गहू वगळलेल्या आहाराविषयी त्यांनी १९४१ साली लिहिलेही होते. दुष्काळाने शोध लावला नाही, आधीच्या संशयाला पुष्टी दिली. डिके यांचा १९५० सालचा प्रबंध अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्यात मोजमाप आहे. मुलांना गहू द्यायचा, मग काढून घ्यायचा, आणि दोन्ही काळांत मलातून बाहेर पडणाऱ्या स्निग्ध पदार्थांचे प्रमाण पाहायचे, अशी ही पद्धत होती. पुढे १९५२ साली बर्मिंगहॅम येथील शार्लट अँडरसन व सहकाऱ्यांनी गव्हातील स्टार्च वेगळा केला आणि अपाय उरलेल्या ग्लुटेनमुळे होतो, हे दाखविले.

येथे एक बाब नोंदविली पाहिजे. डिके यांच्या पुराव्यात अपायकारक अन्न काढून घेणे जितके आवश्यक होते, तितकेच ते पुन्हा देणेही आवश्यक होते. आजच्या औषधचाचण्यांतील मुख्य पेच याच दुसऱ्या अर्ध्या भागातून उभा राहतो.

एक विकर, दोन निष्कर्ष

लॅटिग्लुटेनेजवरील फिनलंडमधील चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली होती. ग्लुटेनमुक्त आहारावर स्थिर असलेल्या प्रौढ रुग्णांना सहा आठवडे रोज सुमारे २ ग्रॅम ग्लुटेन देण्यात आले. काहींना त्यासोबत विकर, तर काहींना प्लासिबो. प्लासिबो गटात आतड्याच्या अस्तराची हानी झाली. विकर घेणाऱ्यांत ती बरीच टळली.

२०१७ सालच्या चाचणीत मात्र ग्लुटेन मुद्दाम दिले गेले नाही. निवडलेले रुग्ण किमान वर्षभर पथ्यावर होते, तरीही त्यांची लक्षणे व आतड्याची हानी कायम होती. नकळत पोटात जाणाऱ्या ग्लुटेनपासून विकर त्यांचे रक्षण करील, ही अपेक्षा होती. ती अवास्तव म्हणता येत नाही. प्रत्यक्ष जीवनात औषधाची गरज आहे ती अशाच रुग्णांना. घडले असे की, सर्वच गटांत आतड्याची स्थिती आणि लक्षणे सुधारली, अगदी प्लासिबो गटातही. लक्षणांतील सुधारणा मनोभावनेवर सोडून देता येईल. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेली व्हिलायची उंची केवळ विश्वासाने वाढत नाही. त्यामुळे सर्वाधिक संभाव्य स्पष्टीकरण हेच राहते की, चाचणीत सहभागी होताच रुग्णांनी पथ्य अधिक काटेकोरपणे पाळले. आपल्याकडे कोणी पाहत आहे, आपले खाणे नोंदले जात आहे, एवढी जाणीव त्यास पुरेशी असते. पोटात ग्लुटेनच जात नसेल, तर ते पचविणाऱ्या विकराला काम उरत नाही. म्हणून या चाचणीवरून विकर निरुपयोगी आहे असे सिद्ध झाले, हे म्हणणे घाईचे ठरते. फार तर, त्याचा उपयोग दिसण्याची संधी या रचनेत नव्हती, असे म्हणता येईल.

२०२२ सालच्या, अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथील चाचणीत रोज २ ग्रॅम ग्लुटेन पुन्हा देण्यात आले. व्हिलायची उंची आणि त्यांच्या तळाशी असलेल्या खळग्यांची खोली यांचे गुणोत्तर सहा आठवड्यांत प्लासिबो गटात सरासरी ०.३५ने घटले, विकर गटात ही घट केवळ ०.०४ होती. येथे विकराची मात्राही १२०० मि.ग्रॅ., म्हणजे पूर्वीपेक्षा अधिक होती, हे विसरता येणार नाही. तरीही कमी मात्रेवर २०१४ साली परिणाम दिसलाच होता. त्यामुळे निर्णायक फरक मात्रेचा नसून ग्लुटेन देण्या-न देण्याचा असावा.

किती ग्लुटेन द्यावे?

सुरक्षित मर्यादेविषयीचा आधार २००७ साली कार्लो कतासी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीतून मिळतो. ४९ प्रौढ रुग्णांना ९० दिवस रोज ०, १० किंवा ५० मि.ग्रॅ. ग्लुटेन दिले असता ५० मि.ग्रॅ. ही मात्रा आतड्यास बाधक ठरली. किलोस २० मि.ग्रॅ. ही ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थांसाठी भारतासह अनेक देशांत मानली जाणारी मर्यादा या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी. त्या मर्यादेवरील अन्नातून ५० मि.ग्रॅ. पोटात जाण्यास अडीच किलो अन्न खावे लागेल.

औषधचाचणीत मात्र याच्या कितीतरी पट ग्लुटेन दिले जाते. २०१३ सालच्या एका अभ्यासात २० प्रौढांना रोज ३ किंवा ७.५ ग्रॅम ग्लुटेन दिल्यावर बहुतेकांच्या आतड्यात १४ दिवसांतच बदल दिसले. ३ ग्रॅम ही मात्रा पुढे ट्रान्सग्लुटामिनेजला रोखणाऱ्या झेड.ई.डी. १२२७ या औषधाच्या युरोपातील चाचणीत वापरली गेली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १०, ५० व १०० मि.ग्रॅ. अशा तीन मात्रा प्लासिबोशी ताडून पाहिल्या. वर उल्लेखिलेल्या गुणोत्तरातील प्लासिबोपासूनचा फरक अनुक्रमे ०.४४, ०.४९ व ०.४८ इतका भरला. तिन्ही मात्रांनी हानी कमी केली, हे महत्त्वाचे. परंतु रोजच्या जीवनातील अपघाती, अत्यल्प ग्लुटेनच्या बाबतीत रुग्णाला काय लाभ होईल, हे या आकड्यांवरून थेट ठरविता येत नाही.

भारतीय संदर्भ

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतव्यापी पाहणीत या आजाराची प्रतिपिंडे उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के प्रौढांत आढळली. महाराष्ट्रातील ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ ही धान्ये मुळात ग्लुटेनरहित आहेत, ही रुग्णाच्या दृष्टीने मोठीच सोय. मात्र गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली, तर पिठात गहू मिसळतोच. घरची भाकरी खाऊनही प्रतिपिंडे खाली येत नाहीत, तेव्हा चौकशी गिरणीपासून सुरू करणे इष्ट. भारतात अशी चाचणी आखताना ‘पथ्य पाळणारा रुग्ण’ याची व्याख्या युरोपीय चाचणीतून जशीच्या तशी उचलता येणार नाही.

प्लासिबो गटाची किंमत

नैतिक प्रश्न आहे तो येथे. रुग्णाला जे अन्न आयुष्यभर टाळण्यास सांगितले, तेच त्याला संमती घेऊन खाऊ घातले जाते आणि प्लासिबो गटाला कोणतेही संरक्षण नसते. झेड.ई.डी. १२२७च्या चाचणीत प्लासिबो गटात नेमलेल्या ४० जणांपैकी केवळ ३० जणांचे पुरेसे बायोप्सी नमुने मिळाले; औषधाच्या तीन गटांत हे प्रमाण ४१ पैकी ३५, ३९ व ३८ असे होते. हानी कायमची नसते, हे खरे. पण प्रौढांत ती भरून येण्यास वेळ लागतो. मेयो क्लिनिकच्या २०१० सालच्या अभ्यासात ग्लुटेनमुक्त आहार सुरू केल्यानंतर आतडे पूर्ववत झाल्याचे प्रमाण दोन वर्षांनी ३४ टक्के, तर पाच वर्षांनी ६६ टक्के होते. ते रुग्ण दीर्घकाळच्या आजाराचे होते, सहा आठवड्यांच्या हानीचे नव्हेत. हा भेद संमतिपत्रात रुग्णाला समजेल अशा शब्दांत लिहिला जावा. शिवाय थोड्याशा ग्लुटेननेही ज्यांना तीव्र उलट्या होतात, असे रुग्ण अशा चाचणीसाठी सहसा पुढे येत नाहीत, आणि औषधाची निकड सर्वांत जास्त असते ती त्यांनाच. २०१४, २०२१ व २०२२ सालच्या या तिन्ही चाचण्या प्रौढांवरच झालेल्या आहेत. मुलांना मुद्दाम गहू देऊन पाहण्याची जी मुभा डिके यांना होती, ती आजच्या संशोधकाला सहजी मिळणार नाही. त्यामुळे बालरुग्णांसाठीची मात्रा व सुरक्षितता कशी ठरवावी, हा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळावा लागेल.